उज्जैनचे दोन भाऊ आणि छापखान्याची वाट

१९५४ साली मराठीत ‘क्षिप्रा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक शरच्चंद्र मुक्तिबोध. त्यांच्या नावावर तोवर ‘नवी मळवाट’ हा १९४९चा कवितासंग्रह होता आणि वाचक त्यांना नवकवी म्हणून ओळखत होते. ‘क्षिप्रा’त बिशू नावाचा मध्यमवर्गीय घरातला मुलगा भेटतो. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात तो वाढतो, घराशी आणि स्वतःशी झगडतो. त्याची गोष्ट त्या पुस्तकात संपली नाही. ती ‘सरहद्द’मध्ये पुढे गेली, पण ‘सरहद्द’ यायला १९६२ उजाडलं. तिसरा भाग, ‘जन हे वोळतु जेथे’, १९६९ साली आला. विसाव्या वर्षी बिशूला भेटलेला वाचक पस्तिशीचा झाला, तेव्हा कुठे त्याला गोष्टीचा शेवट वाचायला मिळाला.

कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतं, ‘जरा धीर धरा.’ सल्ला देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण कसला धीर, किती आणि कोणासाठी, हे कोणी सांगत नाही. लिखाण पिकण्यासाठी धरायचा धीर आणि प्रकाशकाच्या उत्तरासाठी धरायचा धीर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की चांगल्या लेखकाचंही नुकसान होतं. हे समजून घेण्यासाठी मला मुक्तिबोधांच्या घराइतकं दुसरं चांगलं उदाहरण माहीत नाही. त्या घरात दोन भाऊ लेखक झाले. एकाने मराठी धरली, दुसऱ्याने हिंदी. दोघांच्याही वाट्याला वाट पाहणं आलं, पण दोघांची वाट पाहण्याची तऱ्हा आणि तिचं फळ निराळं होतं.

क्षिप्रा ही उज्जैनची नदी. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. अठराव्या शतकात ते शिंद्यांच्या ताब्यात आलं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी दप्तर, पोलिस, शाळा, वकिली यांत आलेली मराठी घरं उज्जैनमध्येच राहिली. मुक्तिबोधांचे पूर्वज खानदेशातल्या जळगावचे. ते ग्वाल्हेर संस्थानात आले आणि तिकडचेच झाले. वडील माधवराव पोलिस खात्यात होते, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. थोरले गजानन १९१७ साली श्योपूरला जन्मले, धाकटे शरच्चंद्र १९२१ साली इंदूरला. गजाननांचं शालेय शिक्षण बऱ्याच अंशी उज्जैनमध्ये झालं आणि पुढेही ते पुनःपुन्हा या गावात येत राहिले.

अशा गावात मराठी लिहिणाऱ्याची अडचण साधी आणि भौगोलिक होती. घरात मराठी, रस्त्यावर माळवी आणि हिंदी. गावात वाचणारी मराठी माणसं होती, पण मराठी कादंबरी छापून ती दुकानांत आणि वाचनालयांत पोचवणारे प्रकाशक पुण्या-मुंबईत, फार तर नागपुरात. रेल्वेने मुंबई सहाशेहून अधिक किलोमीटर. संपादकाला सहज जाऊन भेटावं, छापखान्यात डोकावून मुद्रितं बघावीत, अशी सोय नव्हती. बाड टपालाने जायचं, त्याचं उत्तरही टपालानेच यायचं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकाला वाट पाहण्याचं हे जास्तीचं ओझं वाहावं लागलं आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याची म्हणावी तशी नोंद झालेली नाही, असं मला वाटतं. बृहन्महाराष्ट्राबद्दल आपण संमेलनांच्या व्यासपीठावरून जिव्हाळ्याने बोलतो. तिथल्या लेखकाची टपालखर्चाची वही कोणी उघडून पाहिली नाही.

शरच्चंद्रांच्या तीन भागांकडे परत येऊ. पहिल्या आणि दुसऱ्या भागात आठ वर्षांचं अंतर आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्यात सात वर्षांचं. या काळात त्यांच्या पायाखालची भूमीच बदलत होती. ज्या ग्वाल्हेर संस्थानात ते वाढले ते १९४८ मध्ये ‘मध्य भारत’ या राज्यात गेलं. १९५६ साली मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला. ज्या नागपुरात त्यांनी पुढे मराठीचे प्राध्यापक म्हणून काम केलं ते शहर त्याच वर्षी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी हे स्थान सोडून मुंबई राज्यात आलं, आणि १९६० साली महाराष्ट्रात. बिशूची गोष्ट ज्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत जायची होती, ते स्वातंत्र्य ‘क्षिप्रा’ आली तेव्हा सात वर्षांचं होतं आणि शेवटचा भाग आला तेव्हा बावीस वर्षांचं. पारतंत्र्यातल्या मुलाबद्दल लिहिणारा लेखक प्रत्येक भागाला निराळ्या भारतातून मागे वळून पाहत होता.

कादंबरी लांबते तेव्हा हे हमखास घडतं. सुरुवात केलेला लेखक आणि शेवट करणारा लेखक एकच असत नाही. पहिल्या भागातला राग तिसऱ्या भागापर्यंत विचार झालेला असतो, किंवा निराशा. पहिला भाग छापून गेलेला असल्यामुळे तो बदलताही येत नाही. म्हणून भागाभागांनी लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावं: प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहील असा लिहावा. वाचक आठ वर्षं थांबेल असं गृहीत धरण्याचा हक्क लेखकाला नाही. पुढचा भाग कधीच न वाचणाऱ्यालाही हातातलं पुस्तक पुरं वाटलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शरच्चंद्रांची मधली वर्षं रिकामी नव्हती. १९५७ साली ‘यात्रिक’ हा दुसरा कवितासंग्रह आला. अध्यापन चालू होतं. साहित्याचं मूल्य कशात असतं या प्रश्नावर त्यांचं चिंतन चालू होतं आणि त्यातून पुढे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा ग्रंथ झाला. त्याला १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी थांबली म्हणून लेखक थांबला नाही. धीर धरणं याचा मला दिसणारा खरा अर्थ हा आहे. एक काम अडलं असताना दुसऱ्या कामाला हात घालता येणं हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येतं.

आता थोरल्या भावाकडे वळू. गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलत, लिहीत मात्र हिंदीत. १९३५च्या सुमारास त्यांच्या कविता खांडव्याच्या ‘कर्मवीर’ साप्ताहिकात येऊ लागल्या. १९४२ ते १९४५ या काळात ते उज्जैनमध्ये होते. त्या वेळी प्रभाकर माचवे इथल्या माधव कॉलेजात शिकवत होते. तेही मराठी घरातले आणि दोन्ही भाषांत लिहिणारे. मुक्तिबोध त्याआधी शुजालपूरच्या शाळेत शिक्षक असताना नेमिचंद्र जैन यांच्याशी त्यांची मैत्री झाली होती. १९४३ साली हिंदी कवी अज्ञेयांनी संपादित केलेला ‘तार सप्तक’ प्रसिद्ध झाला. हिंदी कवितेला वळण देणाऱ्या या संग्रहातल्या सात कवींपैकी मुक्तिबोध, माचवे आणि जैन हे तिघे माळव्यातल्या या मित्रमंडळातले. युद्धाचे दिवस होते, कागदाची टंचाई होती, नव्या कवींवर पैसे लावायला प्रकाशक तयार नव्हते. तेव्हा कवींनी सहकाराच्या तत्त्वावर पुस्तक काढण्याची कल्पना धरली. प्रकाशक येईपर्यंत थांबायचं नाही, सात जणांनी मिळून दार उघडायचं, हा त्यातला भाव मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर मात्र मुक्तिबोधांचा स्वतंत्र कवितासंग्रह यायला एकवीस वर्षं लागली. बनारस, जबलपूर, नागपूर, राजनांदगाव अशी गावं झाली. सरकारी प्रसिद्धी खातं, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक अशा नोकऱ्या झाल्या. पैशांची चणचण कायम. कविता मासिकांत येत, मित्रांच्या बैठकीत वाचल्या जात, आणि पुन्हा टेबलावर येऊन नव्याने लिहिल्या जात. एकेक दीर्घ कविता वर्षानुवर्षं चाले. ‘अँधेरे में’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता अशीच कित्येक वर्षं घडत राहिली.

हा माणूस केवळ आळसाने किंवा संकोचाने थांबला होता असं समजणं चूक ठरेल. लिखाणाला वेळ का लागतो याचा त्यांनी जितका खोल विचार केला तितका भारतीय भाषांत फार थोड्या लेखकांनी केला असेल. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हरिशंकर परसाई यांच्या जबलपूरच्या ‘वसुधा’ मासिकात त्यांची ‘एक साहित्यिक की डायरी’ येत होती. त्यातल्या ‘तीसरा क्षण’ या लेखात केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या बोलण्यातून ते कलेचे तीन क्षण मांडतात. पहिला क्षण जगण्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर एक कल्पनाचित्र होऊन उभा राहतो. तो आता केवळ माझा राहत नाही, मी त्याच्याकडे पाहू शकतो. तिसरा क्षण शब्दांचा. त्या चित्राला शब्द देण्याचं काम सुरू होतं, ते पुरं होईपर्यंत चालतं आणि शब्द देता देता मूळ चित्रही बदलत जातं.

कादंबरी लिहिणाऱ्याने हे तीन क्षण आपल्या बाडाला लावून पाहावेत. माझ्या वाचनात येणाऱ्या बहुतेक फसलेल्या पहिल्या कादंबऱ्या पहिल्या क्षणातून थेट तिसऱ्यात उडी मारतात. घरातलं भांडण, नोकरीतला अपमान, मोडलेलं प्रेम कालच घडलेलं असतं आणि आज कागदावर येतं. लेखक अजून त्याच्या आतच असतो, त्याला बाजूला उभं राहून पाहता आलेलं नसतं. अशा बाडाला प्रकाशकाने नकार दिला तर तो नकार बरोबर असतो, लेखकाला तो कितीही झोंबो. इथे लागतो तो धीर पूर्णपणे लेखकाच्या हातातला. तो दुसऱ्या क्षणाची वाट पाहण्याचा. त्याला मुदत घालता येत नाही. कोणाला तो दोन आठवड्यांत सापडतो, कोणाला वीस वर्षांत.

भालचंद्र नेमाडे हे याचं ठळक उदाहरण. प्रकाशक रा. ज. देशमुखांच्या आग्रहाने त्यांनी ‘कोसला’ दोनेक आठवड्यांत लिहून काढली आणि ती १९६३ साली प्रसिद्धही झाली. ‘बिढार’ १९७५ साली आली, ‘जरीला’ १९७७ मध्ये, ‘झूल’ १९७९ मध्ये. मग ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’साठी वाचकांना २०१० पर्यंत थांबावं लागलं. ती यायच्या कितीतरी आधीपासून तिच्याबद्दल बोललं जात होतं. एकाच लेखकाच्या हातून एक कादंबरी पंधरवड्यात आणि दुसरी दशकांनी. वेगावरून लिखाणाची प्रत ठरवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मुक्तिबोधांची गोष्ट मात्र इथे दुःखाकडे वळते. १९६२ साली त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. या घावाने ते खचले. १९६४च्या सुरुवातीला त्यांना पक्षाघात झाला. आधी भोपाळला, मग दिल्लीला उपचार झाले. आता तरुण कवी आणि मित्र धावले. श्रीकांत वर्मा, अशोक वाजपेयी, शमशेर बहादुर सिंह यांनी संग्रहासाठी धडपड केली. भारतीय ज्ञानपीठाने ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ छापायला घेतलं, शमशेरांनी प्रस्तावना लिहिली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध गेले. आपला पहिला कवितासंग्रह त्यांना हातात घेता आला नाही. ‘अँधेरे में’ हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकाच्या नोव्हेंबर १९६४च्या अंकात आली. त्यांची ‘विपात्र’ ही कादंबरी १९७० साली पुस्तकरूपात आली, म्हणजे लेखक गेल्यावर सहा वर्षांनी.

या घटनेभोवती पुढे एक तेज निर्माण झालं. खरा कवी प्रसिद्धीच्या मागे लागत नाही, तो जातो आणि मग जग जागं होतं, अशा चालीत ती सांगितली जाते. मला ही चाल मान्य नाही. सत्तेचाळीस वर्षं पुरी होण्याआधीच गेलेल्या माणसाला स्वतःचा संग्रह पाहता आला नाही यात उदात्त काही नाही. कविता पिकायला लागलेला वेळ त्यांचा होता, तो त्यांनी नीट वापरला. पण पिकलेली कविता पुस्तकापर्यंत नेण्याचं काम संपादकांचं, प्रकाशकांचं, मित्रांचं आणि वाचकांचंही होतं. १९६४च्या वसंतात जी धावपळ झाली ती १९५९ मध्ये होऊ शकली असती. लेखकाच्या धीराचं कौतुक करता करता भोवतालच्यांची दिरंगाई झाकली जाते, आणि पुढच्या पिढीतल्या लेखकालाही आपण तेच शिकवतो की दार न ठोठावता बसून राहणं म्हणजे तपश्चर्या.

मित्रांनी केलेल्या धडपडीची इतरत्रही उदाहरणं आहेत. म्हैसूरच्या आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चं बाड इंग्लंडमधल्या प्रकाशकांकडून परत परत येत राहिलं. शेवटी त्यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला कळवलं की ते दगड बांधून थेम्समध्ये बुडवून टाक. मित्राने ते ऐकलं नाही. त्याने बाड ग्रॅहॅम ग्रीन यांच्यापर्यंत पोचवलं आणि १९३५ साली पुस्तक आलं. इटलीच्या जुझेप्पे तोमासी दि लाम्पेदूसा यांना हे भाग्य जिवंतपणी लाभलं नाही. त्यांची ‘इल गात्तोपार्दो’ दोन मोठ्या प्रकाशनगृहांनी नाकारली. जुलै १९५७ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी जॉर्जो बासानी या लेखक-संपादकाच्या प्रयत्नाने फेल्त्रिनेल्ली यांनी ती काढली आणि १९५९ साली तिला इटलीचा मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला. नारायण आणि लाम्पेदूसा यांच्यात धीराचा फरक शोधून सापडणार नाही. फरक एवढाच की एकाचा मित्र वेळेवर पोचला.

प्रकाशकाच्या बाजूला वेळ का लागतो, हेही लेखकाला माहीत असलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक विलंबात त्याला अपमान दिसतो. ‘क्षिप्रा’च्या काळात पुस्तक शिशाच्या खिळ्यांनी जुळवलं जाई. जुळारी एकेक अक्षर उचलून ओळ लावत असे. सोळा पानांचा एक फर्मा जुळवायचा, त्याचं मुद्रित काढायचं, शोधायचं, दुरुस्त करायचं, छापायचं, मग खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे आणि पुढचा फर्मा घ्यायचा. सबंध कादंबरी एकदम जुळवून ठेवण्याइतके खिळे लहान छापखान्याकडे नसत. तीनशे वीस पानांच्या कादंबरीचे वीस फर्मे होतात. मध्ये शाळांची क्रमिक पुस्तकं आली किंवा दिवाळी अंकांची घाई आली की कादंबरी बाजूला सरे. लेखक उज्जैनला असेल तर मुद्रितांची ये-जा टपालाने, म्हणजे आणखी आठवडे.

आज छपाईला इतका वेळ लागत नाही. मजकूर संगणकावर तयार असतो, पानं लावायला आणि छापायला काही दिवस पुरतात. वाट पाहण्याची जागा आता छापखान्यातून वाचणाऱ्याच्या टेबलावर सरकली आहे. तीनशे पानांची कादंबरी लक्ष देऊन वाचायला माणसाला पूर्वी जितके दिवस लागत तितकेच आजही लागतात. टंकनाची सोय झाल्यामुळे बाडं मात्र कितीतरी पटींनी वाढली. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेल्या दीर्घ चर्चा, त्यांचा पत्रव्यवहार, पुनर्लेखनाच्या सूचना हे मराठी वाङ्मयातलं एक वैभव आहे. त्यांच्याच ‘सत्यकथा’ मासिकाकडून साभार परत आलेल्या कथेसोबत कधी कधी असं पत्र येई की लेखकाला स्वीकारापेक्षा ते जपून ठेवावंसं वाटे. तशा वाचणाऱ्या संपादकाला पगार देण्याची ऐपत आज मोजक्याच प्रकाशकांत आहे. पुस्तकाची आवृत्ती लहान असते. ग्रंथालयांची खरेदी अनुदान हाती येण्यावर अवलंबून असते, त्यामुळे पुस्तक कधी काढायचं हे प्रकाशक त्या हिशोबाने ठरवतो. हे सगळं लक्षात घेतलं तर तीन-चार महिने उत्तर आलं नाही म्हणून खचायचं कारण नाही. मात्र त्यानंतर विचारणा करण्यात कमीपणाही नाही. नम्रपणे, लेखी, एकदा विचारावं. पुन्हा महिनाभर उत्तर नाही आलं तर बाड मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडे पाठवावं.

स्वीकार झाल्यावरही लेखक वर्षानुवर्षं अडकून राहतात आणि इथे कायदा त्यांच्या बाजूला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतर लेखीच असावं लागतं. कलम १९ सांगतं की हक्क घेतल्यापासून वर्षभरात प्रकाशकाने त्यांचा वापर केला नाही तर ते हस्तांतर संपुष्टात आलं असं मानलं जाईल, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी ‘वेगळं काही’ लिहिलंय का हे शोधून वाचावं. पुस्तक किती काळात काढणार, पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती, मानधन एकरकमी की टक्केवारीने, दुसऱ्या आवृत्तीचं काय, भाषांतराचा हक्क कोणाकडे, हे प्रश्न विचारणारा लेखक उर्मट ठरत नाही. छापील नसलेल्या बाडावरही लेखकाचा कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा चोरीच्या भीतीने बाड कपाटात ठेवायचंही कारण नाही.

आज उज्जैनमध्ये, इंदूरमध्ये किंवा देवासमध्ये बसून मराठी कादंबरी लिहिणाऱ्याला मी काय सांगेन? पहिली गोष्ट, पुस्तकाआधी तुकड्यांनी बाहेर या. मराठी कादंबरी वाढली तीच नियतकालिकांच्या पानांवर. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० पासून ‘करमणूक’मध्ये दर आठवड्याला येत आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक हे नव्या लेखकाचं हक्काचं अंगण आहे. कादंबरीतला एखादा स्वयंपूर्ण भाग कथा म्हणून पाठवता येतो. संपादकाला नाव ओळखीचं होतं आणि तुम्हालाही अनोळखी वाचक मिळतो. दुसरी गोष्ट, संस्थांच्या योजना पाहून ठेवा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. अनेक आज नावाजलेल्या लेखकांचं पहिलं पुस्तक तिच्यातून आलं. मध्य प्रदेशात मराठी साहित्य अकादमी आहे. नियम दरवर्षी वाचावेत, अर्ज मुदतीत करावा.

पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्यांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. स्वखर्चाने पुस्तक काढणं यात लाज नाही. ‘तार सप्तक’ची कल्पनाच मुळी कवींनी भार वाटून घेण्याची होती. प्रश्न एवढाच की पैशाच्या बदल्यात काय मिळतं. संपादन, नीट मुद्रितशोधन आणि वितरण मिळणार असेल तर विचार करावा. फक्त छपाई मिळणार असेल तर ती गावातल्या छापखान्यात निम्म्या खर्चात होते. आणि अधीर होऊन, नकारांना कंटाळून हा मार्ग कोणी धरू नये. तीन जाणत्या वाचकांनी ‘आता हे पुरं झालंय’ म्हटल्यावरच धरावा.

अशा वाचकांबद्दल मला सर्वांत जास्त आस्था आहे. मुक्तिबोध आणि नेमिचंद्र जैन यांचा पत्रव्यवहार ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावाने प्रसिद्ध आहे. दोन मित्र वेगवेगळ्या गावांत, दोघांनाही पोटाची विवंचना, आणि तरी एकमेकांच्या लिखाणाची चौकशी, टीका, धीर. नुसतं कौतुक करणारा मित्र पहिल्या खर्ड्यापुरता उपयोगी असतो. चौथ्या खर्ड्याला असा माणूस लागतो जो म्हणेल की दुसऱ्या प्रकरणात तू खोटं बोलला आहेस. असा एकच असला तरी पुरतो. तो गावात नसेल तर पत्राने, फोनने, कसाही जोडावा. बाड प्रकाशकाकडे असताना मात्र त्यालाही ते पुन्हा दाखवू नये, स्वतःही उघडू नये. वाट पाहत असताना केलेल्या दुरुस्त्या बहुधा भीतीने केलेल्या असतात. त्या महिन्यांत पुढचं लिहायला घ्यावं.

१९८० साली नेमिचंद्र जैन यांच्याच संपादनाखाली ‘मुक्तिबोध रचनावली’ सहा खंडांत राजकमल प्रकाशनाने काढली. ‘तार सप्तक’मधला सहकवी सदतीस वर्षांनी मित्राचे कागद लावत होता. एकाच कवितेची अनेक रूपं, कित्येकांवर तारीख नाही, त्यामुळे अनेक ठिकाणी रचनाकाळ अंदाजाने द्यावा लागला. म्हणून शेवटची सूचना अगदी कारकुनी आहे आणि ती मी मनापासून करतो. प्रत्येक खर्ड्याच्या पहिल्या पानावर तारीख घाला. कुठे पाठवलं, कधी पाठवलं, काय उत्तर आलं याची एक वही ठेवा. पूर्ण झालेल्या बाडाची एक प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे असू द्या, आणि काही झालं तर ते कोणाकडे न्यायचं हे त्याला आजच सांगून ठेवा.